पडद्यावरची धावपट्टी आणि डोळ्यांचा अंदाज

२४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे मोठे जेट विमान मुंबईत उतरत होते. वैमानिकांना समोर धावपट्टी दिसली आणि त्यांनी विमान खाली आणले. ते उतरले खरे, पण सांताक्रूझला नव्हे, तर जवळच्याच जुहूच्या छोट्या विमानतळावर. तिथली धावपट्टी एवढ्या विमानाला पुरणारी नव्हती. विमान तिच्या टोकाबाहेर गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण ते विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. त्याआधी १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट विमानानेही जुहूला सांताक्रूझ समजून तिथेच चाके टेकवली होती.

अनुभवी माणसांचे धडधाकट डोळे असे फसतात, कारण पाहण्याचे काम एकटा डोळा करत नाही. डोळा प्रकाश टिपतो, त्याचा अर्थ मेंदू लावतो. तो अर्थ लावताना मेंदू जुन्या ओळखीवर आणि अपेक्षेवर बरीच भिस्त ठेवतो. ‘आता धावपट्टी दिसायला हवी’ असे मनात असताना धावपट्टीसारखे काही दिसले, की तीच ती, असा निकाल होऊन जातो.

मेंदूची ही कार्यपद्धती आज घरच्या संगणकावरही अनुभवता येते. विमान उडवण्याचा आभास देणारे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा अनेक घरांतला आवडता छंद आहे. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ संगणकासाठी केलेला असा कार्यक्रम १९७९ मध्ये आला, तेव्हा जमीन म्हणजे काळ्या पडद्यावरच्या काही रेघा होत्या. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जगभरातले सुमारे ३७ हजार विमानतळ आहेत. त्यांतले बहुतेक उपग्रहचित्रे आणि जमिनीच्या उंचीची माहिती वापरून संगणकाने आपोआप उभे केलेले असतात. त्यावर समाधान नसलेल्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी एकेक विमानतळ हाताने घडवण्याचा उद्योग उभा केला आहे. टर्मिनलच्या काचा, धावपट्टीवरचे टायरचे काळे पट्टे, कुंपणाबाहेरची झाडे, रात्रीचे दिवे असे सगळे त्यात येते. मूळ कार्यक्रमाला वेगळी जोड म्हणून बसवायचे हे देखावे काही फुकट, तर काही विकत मिळतात. हाँगकाँगचा काई ताक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला. तिथे डोंगरावर रंगवलेली लाल-पांढरी चौकट दिसली, की वैमानिक अगदी खालून उजवीकडे वळत असत. ते वळण आजही हजारो लोक घरबसल्या घेतात.

दोन डोळ्यांची गरज किती?

सपाट पडद्यावरचा विमानतळ खरा वाटतोच कसा? आपले दोन डोळे साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. दोघांना थोडे वेगळे चित्र दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना हे फार उपयोगी पडते. पण वस्तू जितकी दूर, तितका दोन्ही चित्रांतला फरक कमी. कित्येक शे मीटरवरच्या धावपट्टीसाठी तो जवळजवळ नसतोच.

याचा ठळक दाखला म्हणजे अमेरिकी वैमानिक वायली पोस्ट. तेलविहिरीवरच्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला होता. तरीही १९३३ मध्ये एकट्याने विमानातून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले वैमानिक ठरले. दूरच्या अंतराचा अंदाज मेंदू वेगळ्याच खुणांवरून बांधतो आणि त्या खुणा एका डोळ्यालाही दिसतात, सपाट पडद्यावरही दाखवता येतात.

पहिली खूण ओळखीच्या आकाराची. झाड, मोटार, घर केवढे असते हे आपल्याला ठाऊक असते. दुसरी खूण पोताची, म्हणजे जवळचे गवत सुटे सुटे दिसते आणि दूरचे एकसंध हिरवे. तिसरी खूण धावपट्टीच्या दोन्ही कडा दूर जाताना किती वेगाने जवळ येतात, ही. चौथी आणि फार महत्त्वाची खूण हालचालीची. पुढे जाताना समोरचा एकच बिंदू स्थिर राहतो आणि बाकी सारे दृश्य त्याच्यापासून बाहेर पसरत जाते. विमान जिकडे चालले आहे तो हा बिंदू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी या ‘वाहत्या दृश्या’चा बारकाईने विचार केला. माणूस हालचाल करताना जमिनीच्या पोतावरून आपली जागा ओळखतो, हे त्यांचे म्हणणे पुढे दृष्टिविज्ञानात महत्त्वाचे ठरले.

म्हणूनच कुंपणाबाहेरची झाडे ही निव्वळ सजावट नव्हे. सपाट रंगवलेल्या जमिनीवर उंची समजत नाही. तिथे उभी झाडे, खांब, घरे आली की डोळ्याला मोजपट्टी मिळते.

मोजपट्टीच चुकली तर?

मात्र मोजपट्टी फसवीही असू शकते. धावपट्टी चढाची असेल तर वैमानिकाला आपण फार उंचावर आहोत असे वाटते आणि तो नकळत खाली येतो. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टीही असाच भास निर्माण करते. नेपाळमधील लुक्ला विमानतळाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आहे आणि एवढ्यात ती सुमारे ६० मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी, चढते. जुन्या सिम्युलेटरांमध्ये विमानतळाची जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट असे. तिथे लुक्लाचे डोंगर दिसत, पण लुक्लाचा धोका दिसत नसे. चढ-उतार अचूक दाखवणारा देखावा म्हणूनच मोलाचा ठरतो. टर्मिनलमधल्या खुर्च्या किती हुबेहूब आहेत, याला उतरताना काहीच महत्त्व नसते.

सर्वांत घातक भास अंधाराचा. समोर समुद्र किंवा ओसाड जमीन, त्यापलीकडे फक्त धावपट्टीचे दिवे. झाडे नाहीत, पोत नाही. १९६० च्या दशकात बोइंग ७२७ विमानांना रात्री उतरताना काही अपघात झाले, तेव्हा बोइंगमधील मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी सिम्युलेटरमध्येच याचा शोध घेतला. अंधाऱ्या जमिनीपलीकडे उतारावर वसलेल्या शहराचे दिवे त्यांनी दाखवले आणि निष्णात वैमानिकांना केवळ नजरेच्या भरवशावर यायला सांगितले. सगळे ठीक चालले आहे अशा समजुतीत ते धोकादायक पातळीपर्यंत खाली आले. डोळ्यांत दोष नव्हता, डोळ्यांना धरायला काही नव्हते. धावपट्टीच्या कडेला लाल-पांढरे चार दिवे लावतात, ते याच कारणाने. दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उतरण्याचा कोन योग्य, चारही लाल दिसले तर विमान फार खाली. हाताने घडवलेल्या देखाव्यात हे दिवे चुकीच्या कोनात बसले, तर तो देखावा कितीही सुंदर असला तरी चुकीचेच वळण लावणार.

मळमळ का होते?

देखावा जितका जिवंत, तितकी काहींना त्याची बाधाही होते. शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी हलल्यासारखे वाटते. तसेच इथे होते. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके फिरल्याची, तर सूक्ष्म स्फटिकांचे दोन अवयव सरळ रेषेतला वेग आणि कल बदलल्याची खबर मेंदूला देतात. सिम्युलेटरमध्ये डोळे सांगतात ‘विमान वळले’ आणि कान सांगतो ‘खुर्ची जागेवर आहे’. या भांडणातून घाम, डोके जड होणे, मळमळ, उलटी, भोवळ येते. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये १९५० च्या दशकातच ही तक्रार नोंदली गेली. त्यात नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना जास्त त्रास झाला. खरे उड्डाण कसे जाणवते हे त्यांच्या मेंदूला पाठ होते, त्यामुळे विसंगती त्यांना अधिक खुपली.

जमिनीलगत, दाट देखाव्यातून वेगाने उडताना हा त्रास वाढतो. मोठा पडदा किंवा डोळ्यांवर चढवायचा आभासी वास्तवाचा चष्मा असेल तर आणखी. चित्र अडखळत चालत असेल तरीही. अशा वेळी देखाव्यातले बारकावे कमी करून चित्र सुरळीत चालू देणे शरीराला मानवते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटेच बसावे, मळमळीची पहिली चाहूल लागताच थांबावे. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. डोळ्यांवरचा चष्मा काढल्यावर काही काळ तोल किंचित बिघडू शकतो, म्हणून लगेच दुचाकी किंवा मोटार चालवू नये. अर्धशिशी, वारंवार चक्कर किंवा लखलखत्या प्रकाशाने येणाऱ्या फिट्स असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. प्रवासात लागण्यावरच्या गोळ्या खेळासाठी मनाने घेऊ नयेत, त्यांतल्या अनेकींनी गुंगी येते. तासन्‌तास पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूर पाहणे हा त्यावर सोपा उपाय.

घरच्या संगणकावर काढलेले तास वैमानिकाच्या परवान्यात धरले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. चाके टेकण्याआधीच्या काही सेकंदांत नजरेच्या कडेने सरकणारी जमीन उंची सांगते. एका पडद्यावर नेमकी तीच कापली जाते. शिवाय अंतर्कर्णाला मिळणारी खबरही तिथे नसते.

तरीही या छंदातून एक गोष्ट जोखमीशिवाय शिकता येते. आपली नजर खात्रीने चुकीचे सांगू शकते. याचा उपयोग विमान न उडवणाऱ्यालाही आहे. रात्री घाटात समोरून एकच दिवा येताना दिसला की ती दूरची दुचाकी वाटते, आणि ती एक दिवा बंद असलेली मालमोटार असू शकते. तिथेही झाडे, पोत, कडा काळोखात हरवलेल्या असतात आणि मेंदू रिकामी जागा अंदाजाने भरतो. वैमानिकाच्या हाताशी अशा वेळी उपकरणे असतात. गाडी चालवणाऱ्याच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे वेग कमी करणे.