दुकानात झालेली इजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुपरमार्केटमधल्या गुळगुळीत फरशीवर फ्रीजरखालून ओघळलेले पाणी चटकन दिसत नाही. त्यावरून पाय घसरून ग्राहकाच्या मनगटाचे हाड मोडते आणि काउंटरवरून ऐकू येते, ‘जरा बघून चालायचं ना!’ फुटलेली तेलाची पिशवी किंवा वरच्या फळीवरून कोसळलेले खोके, प्रसंग कोणताही असो, दुखण्याहून हे उत्तर जास्त झोंबते. पुढे काय करता येते याविषयी असलेल्या गैरसमजांमुळे हा संताप अनेकदा घरीच विरून जातो.

गैरसमज : घसरून पडणे ही ग्राहकाचीच चूक.
वस्तुस्थिती : व्यवसायासाठी लोकांना आत येऊ देणाऱ्याने जागा सुरक्षित राखण्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे. इंग्लंडमधील १८६६ च्या ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ खटल्यात रुजलेले हे तत्त्व भारतातही मानले जाते. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. निगा राखली असती तर जे घडलेच नसते, तिथे ती घटनाच हलगर्जीपणाकडे बोट दाखवते, असे हा निकाल सांगतो. ग्राहकाचीही थोडी चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. दावा आपोआप बाद होत नाही.

गैरसमज : दुकानात पडले की भरपाई मिळतेच.
वस्तुस्थिती : हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. पाणी किती वेळ साचले होते, कर्मचाऱ्यांना ते ठाऊक होते का, पुसायला किंवा इशाऱ्याचा फलक ठेवायला पुरेसा वेळ होता का, हे पाहिले जाते.

गैरसमज : ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशी पाटी असली की दुकान सुटले.
वस्तुस्थिती : दिल्लीतील एका हॉटेलमधून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. ‘गाडीमालकाच्या जोखमीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले. दुकानातल्या पाटीकडेही याच नजरेने पाहायला हवे.

गैरसमज : आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावाच लागतो.
वस्तुस्थिती : भरपाईची मागणी आणि फौजदारी तक्रार हे वेगवेगळे मार्ग आहेत. बेदरकारपणे किंवा हलगर्जीपणाने दुसऱ्याला इजा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार गुन्हा आहे. पण भरपाईसाठी गुन्हा नोंदवणे ही अट नाही.

गैरसमज : ग्राहक आयोगात जायचे तर वकील आणि मोठा खर्च आलाच.
वस्तुस्थिती : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. शुल्क आणि अधिकारक्षेत्र ठरते ते वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आणि ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दुकान दुसऱ्या शहरात असले तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

गैरसमज : काही विकत घेतलेच नव्हते, म्हणजे दाद नाही.
वस्तुस्थिती : कायद्यातील ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या मोबदल्याशी जोडलेली असल्याने आयोगात हरकत घेतली जाऊ शकते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग मात्र खुला राहतो.

गैरसमज : दुकानाने दवाखान्याचे बिल दिले, म्हणजे विषय मिटला.
वस्तुस्थिती : बिल देण्याने उरलेला हक्क संपत नाही. मात्र ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशा कागदावर सही केल्यास दावा अडचणीत येतो. प्लास्टर निघून हाताची खरी स्थिती कळेपर्यंत अशी सही टाळावी.

सीसीटीव्हीचे जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी आणि पोच घ्यावी. फरशी पुसली जाण्यापूर्वी तिचा फोटो काढावा, साक्षीदारांचे फोन नंबर लिहून घ्यावेत, खरेदीचे बिल जपावे आणि इजा कुठे व कशी झाली हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगावे. पुढचा सगळा दावा याच कागदांवर उभा राहतो.