शंभर माणसांचा संसार करणाऱ्या कांताबाई

मैत्रिणींनो, ‘तमाशा’ हा शब्द आपण घरात कधी वापरतो? पोरांनी दंगा केला की ‘काय तमाशा मांडलाय’ म्हणतो. शेजारी भांडण झालं की ‘चारचौघांत तमाशा नको’ म्हणतो. शब्दच असा बदनाम, मग त्यात उभ्या राहिलेल्या बायकांची गोष्ट घरात कोण सांगणार? म्हणून आज ती सांगते. ही गोष्ट आहे आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, संगमनेरच्या कांताबाई सातारकरांची.

नाव सातारकर, पण त्यांचा जन्म १९३९ सालचा, गुजरातमधल्या टिंबा गावचा. आईवडील पोटासाठी दगडाच्या खाणीवर मजुरी करायला तिकडे गेलेले. पुढे कुटुंब साताऱ्याला परतलं आणि मुलीचे पाय तिथल्या मेळ्यात नाचू लागले. मेळ्यातून तमाशात, आणि तिथून तुकाराम खेडकरांच्या नावाजलेल्या फडात. रंगमंचावरची ही जोडी संसारातही जोडी झाली. ‘रायगडची राणी’, ‘गवळ्याची रंभा’ अशा वगांची नावं जुने रसिक अजून घेतात.

पण १९६४ साली तुकाराम खेडकर गेले. कांताबाई तेव्हा पंचविशीच्या, पदरात लहान मुलं. नवऱ्यामागे बाईचं काय होतं ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. इथे तर सासरही फड आणि पोटही फडावरच. त्यांना दुसऱ्यांच्या फडात काम करावं लागलं. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

आता तुम्ही म्हणाल, फड उभा करणं म्हणजे काय, चार वाद्यं आणि चार नाचणाऱ्या? छे! तंबूचा मोठा फड म्हणजे शंभराच्या वर माणसं. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावरचा झीलकरी, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाकी. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो उन्हाळ्यातल्या जत्रा उरकेपर्यंत. आज या गावात खेळ, पहाटे सामान गाडीत, उद्या दुसऱ्या गावात चूल. पाऊस आला की खेळ बुडाला, पण भाकरी सगळ्यांना लागतेच. पावसाळ्यात खेळ नाहीत, तरी माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून उचल द्यायची. त्यासाठी कर्ज काढायचं आणि हंगामात फेडायचं. महिनाअखेरीला चार माणसांचा मेळ घालताना आपला जीव मेटाकुटीला येतो, मग हा ताळेबंद कसा जमत असेल, विचार करा.

खेळाचीही एक रीत असते. आधी गणपतीचा गण, मग कृष्ण गौळणींची वाट अडवतो ती गवळण आणि मावशीची फिरकी, मग रंगबाजीच्या लावण्या, आणि शेवटी रात्र सरेपर्यंत वग. वगाचं कथानक ठरलेलं, पण बोलणं बरचसं जागच्या जागी सुचलेलं. समोरच्यानं नवा शब्द टाकला की तो झेलून परत फेकता आला पाहिजे. हे पुस्तकातून येत नाही. ज्येष्ठांच्या बाजूला उभं राहून, ऐकून-ऐकूनच येतं. म्हणून फडातली एक बाई निष्णात झाली की तिच्या आजूबाजूची एक अख्खी पिढी शिकते.

कांताबाईंची आठवण निघाली की त्यांच्या पुरुष भूमिका हटकून निघतात. एकेकाळी नाच्या पोऱ्या बाईचं सोंग घेई. इथे बाई फेटा बांधून शिवाजी महाराज म्हणून उभी राही आणि हजारोंचा तंबू गप्प होई. बाईला फक्त पायांतल्या चाळांसाठी पाहणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं.

राज्य शासनानं तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाईच. मुलं फडातच वाढली. मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून गाजले आणि फडाची धुराही त्यांनी वाहिली. आई आणि मुलगा अशी दोन्ही नावं फडाच्या पाटीवर शेजारी-शेजारी आली.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनानं जत्रा बंद पाडल्या. ऐन हंगामात तंबू गुंडाळलेले, कलावंत घरी बसलेले. त्याच दिवसांत, २५ मे २०२१ रोजी, संगमनेरला कांताबाई गेल्या. जिच्यासाठी गावंच्या गावं लोटायची, तिला निरोप द्यायला गर्दी जमणंही तेव्हा शक्य नव्हतं.

संगमनेरला शाहीर अनंत फंदींचं गाव म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण त्याच गावच्या या बाईचं नावही आपल्या मुलींना ठाऊक असावं. यंदा जवळपासच्या जत्रेत फड आला तर घरच्यांना घेऊन जा. निदान गण-गवळण तरी पुढे बसून ऐका. ढोलकीवर थाप पडली की मागच्या बाजूला, कनातीपलीकडे, पोरं झोपवून रंगमंचावर येणाऱ्या बायकाही असतात, एवढं ध्यानात ठेवा. आणि घरी पोरांना रागावताना ‘तमाशा’ऐवजी दुसरा शब्द शोधा. ‘धिंगाणा’ आहेच की!