कोमट पाणी गरम की गार?

तीन पातेली घ्या. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात साधं कोमट आणि तिसऱ्यात हाताला सहज सोसेल इतकंच गरम. (गरम पाणी ओतायला घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा.) आता एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात. सावकाश साठपर्यंत आकडे म्हणा. झाले? मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात!

काय वाटलं? गारातून आलेला हात म्हणतो, "अरे वा, ऊन ऊन पाणी!" गरमातून आलेला म्हणतो, "छे, गार आहे की!" पातेलं एक, पाणी तेच, आणि दोन्ही हातही तुमचेच. जॉन लॉक नावाच्या इंग्रज विचारवंताने तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी हे कोडं लिहून ठेवलं होतं. आपल्या कातडीत काही थर्मामीटर बसवलेला नसतो. आत्तापर्यंत जे लागत होतं, त्याहून हे ऊन की गार, हेच ती मुख्यतः कळवते.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही गणितात हुशार आहात का?

थांबा. उत्तर देताना डोळ्यांसमोर कोण आलं? वर्गातलंच कुणीतरी ना? उंची मोजायला टेप असते, वजनाला काटा असतो. हुशारीसाठी तसं काही घरात टांगलेलं नसतं. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये म्हटलं, की मोजायला पक्कं माप नसलं की माणूस दुसऱ्या माणसांकडे बघून स्वतःला जोखतो. तेही कुणाहीकडे बघून नाही हं, आपल्यासारख्याच कुणाकडे तरी बघून! नुकतंच बुद्धिबळ शिकायला लागलेलं पोर नागपूरच्या दिव्या देशमुखशी स्वतःची तुलना करत नाही. ते बघतं शेजारच्या बंटीकडे.

समजा, तुम्ही गावच्या शाळेत कायम पहिल्या आहात. पाचवीत नवोदयची परीक्षा दिलीत, निवड झाली आणि सहावीला तिथल्या वसतिगृहात राहायला गेलात. पहिल्याच आठवड्यात कळतं, की इथे जिल्ह्याभरातून निवडून आलेली मुलं आहेत. बाकावर डावीकडे बसलेली पहिली, उजवीकडे बसलेलीही पहिलीच! चाचणीत तुमचा नंबर येतो सतरावा. रात्री पांघरुणात शिरून तुम्ही म्हणता, "मी ढ झाले." पण गेल्या महिन्यात येणारी गणितं आजही येतातच की. पाणी तेवढंच कोमट आहे, फक्त हात गरम पातेल्यातून आलाय.

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हर्बर्ट मार्श यांनी नेमका हाच प्रश्न धरून ठेवला. २००३ मध्ये त्यांनी आणि किट-ताई हाउ यांनी २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलामुलींची माहिती तपासली. सारखीच तयारी असलेली दोन मुलं घेतली, तर जास्त हुशार मुलांच्या शाळेत शिकणारं मूल स्वतःला कमी समजतं, असं त्यांना दिसलं. एका देशात नव्हे, देशोदेशी! मार्श यांनी याला छोट्या तळ्यातल्या मोठ्या माशाचं नाव दिलं. आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी असते. मला मात्र त्या म्हणीतल्या गाईपेक्षा दुसऱ्याच एका गाईची काळजी वाटते: चांगली धडधाकट असून पळणाऱ्या कळपात जाऊन पडलेली, आणि म्हणून स्वतःलाच लंगडी समजणारी. तिच्या पायाला काहीच झालेलं नसतं, आणि हे तिला सांगायला कुणी जात नाही.

आणि दुसऱ्यांकडे बघून स्वतःला जोखायची ही सवय आपण जन्मतः घेऊन येत नाही, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. लहान मुलंही एकमेकांकडे टकामका बघतात, कुणाच्या डब्यात काय आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं. पण स्वतःला जोखायला ती दुसऱ्यांचा फारसा उपयोग करत नाहीत. ते साधारण सातव्या-आठव्या वर्षी जमायला लागतं. खरं वाटत नसेल, तर उद्या एखाद्या बालवाडीत डोकावा आणि विचारा, "तुमच्यात सगळ्यात जोरात कोण पळतं?"

मग वर आलेले हात मोजा.