आजीला झेपेल तोच पॉइंट चांगला

सुट्टी लागली की वस्तीत गाडी ठरवण्याची गडबड सुरू होते. कुठला पॉइंट फोटोत चांगला दिसतो, यावर सहलीचा बेत ठरतो. मग आजी म्हणते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." आई गेलीच तर अर्ध्या चढावर दगडावर बसून राहते. शिबिरांत आम्हाला अशा कितीतरी बाया भेटतात, ज्यांनी जन्म रत्नागिरीत काढला, पण उंचावरून समुद्र पाहिला नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की घरातले सर्वात अशक्त माणूस जिथे जाऊन सुखरूप परत येईल, ती जागा आधी निवडा.

कुठे जावे

शहरातच थिबा पॉइंट आहे. चढ नाही, बसून पाहता येते. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे समुद्र. संध्याकाळी जावे. जवळच थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढले आणि १९१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. मुलांना हे तिथेच सांगावे.

रत्नदुर्ग किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. आंबडव्याला जाणाऱ्यांना मंडणगडचा किल्ला वाटेत पडतो. वर गाडीरस्ता आहे, पण रस्त्याची अवस्था आधी गावात विचारून घ्यावी.

खरी दरी पाहायची तर साखरप्याच्या पुढचा आंबा घाट. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात काही दिसत नाही, शिवाय दरडीची भीती. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. कोकणची बाजू पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन पाठीमागे राहते आणि दरी स्वच्छ दिसते. गाडी वळणावर थांबवू नका. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि निघताना हलकेच खायला द्या.

दम लागला तर

"डोंगरावर हवा विरळ असते, म्हणून दम लागतो," असे अनेक जण म्हणतात. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. आपल्या राज्यातले सर्वात उंच कळसूबाई शिखरही १६४६ मीटरचे. तेव्हा छोट्याशा चढावर दम लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर कारण हवेत नाही, शरीरात आहे. बायांमध्ये ते पुष्कळदा रक्त कमी असणे हेच असते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, असे समजावे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

छातीवर दाब, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ आली तर माणसाला तिथेच बसवा, चालवू नका आणि १०८ ला फोन करा. विदर्भातून आलेल्या नातेवाइकांत कोणाला सिकलसेल असेल तर त्यांना तहानलेले राहू देऊ नका, दमवू नका, थंडीत भिजू देऊ नका.

पाणी आणि गुडघे

बाया सहलीत पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जागा नसते. त्यातूनच चक्कर येते, लघवीला जळजळ होते. म्हणून बेत आखताना थांबे एसटी स्टँड पाहून ठरवा. हे काम पुरुषांनी आपणहून करावे, बायांना मागायला लावू नये.

दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. साखरेच्या रुग्णाने अनवाणी चालू नये, खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. बीपीची गोळी सहलीच्या दिवशीही चुकवायची नाही.

कड्यावर आणि सड्यावर

कठड्याच्या पलीकडे फोटो नाही, हा नियम तरुण पोरांना गाडीत बसतानाच सांगा. सड्यावर मुलांना दगड उचलू देऊ नका. खाली विंचू किंवा फुरसे असते. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. फुरसे लहान दिसते, पण त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि त्यावर उतारा म्हणजे तिथली लस.

गाडीची वर्गणी ज्या वहीत लिहिता, त्याच वहीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: कोणती गोळी चालू आहे आणि चढ झेपतो की नाही. नंतरच पॉइंट ठरवा. आजीचे नाव त्या यादीत पहिले असू द्या.