आपला कारभार आपण : सॉफ्टवेअरच्या टीमची कार्यपद्धति

घर बांधावयाचें झाल्यास प्रथम नकाशा काढतात, मग पाया खणतात, आणि भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी कोठें असावी ह्याचा वाद घालीत बसणें कोणास परवडत नाहीं. सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. त्यास वजन नाहीं, आकार नाहीं. आणि तें हातीं पडेपर्यंत आपणांस नेमकें काय हवें होतें, हें वापरणारासहि पुरतें ठाऊक नसतें. बँकेचा कारकून किंवा घरपट्टी भरणारा नागरिक पडद्यावर बोट ठेवतो, तेव्हां कोठें त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपण मागितलेली सोय ही नव्हेच. अशा वस्तूचा नकाशा आरंभींच कायमचा ठरवून टाकणें कितपत शहाणपणाचें, हा ह्या धंद्यांतील जुना प्रश्न आहे.

मीरा रोड व भाईंदर येथील कितीतरी घरांतील तरुण मंडळी पश्चिम रेल्वेच्या गाडीनें अंधेरीच्या सीप्झमध्यें किंवा गोरेगांव-मालाडच्या कचेऱ्यांत ह्याच कामासाठीं जाते. कांहीं जण घरींच टेबलापाशीं बसून तें करतात. 'स्प्रिंट', 'स्क्रम', 'रेट्रो' हे शब्द त्यांच्या तोंडीं वरचेवर येतात. रोज सकाळीं पंधरा मिनिटें हीं मुलें पडद्यापुढें बोलतात, ती वरिष्ठांपुढें द्यावयाची हजेरी असावी असें घरच्यांस वाटतें. वास्तविक ती हजेरी नव्हे. निदान ती हजेरी असूं नये. ह्या दोहोंतील भेद समजला म्हणजे ही सारी पद्धति समजली.

जुन्या पद्धतीचें चित्र १९७० सालीं विन्स्टन रॉइस ह्या अमेरिकन अभियंत्याच्या निबंधांत सांपडतें. मागणी नोंदवावी, आराखडा करावा, कोड लिहावा, चाचणी घ्यावी आणि शेवटीं वस्तु गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावी, असा तो क्रम. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडावें तसा तो असल्यामुळें पुढें त्यास 'वॉटरफॉल' हें नांव पडलें. चाचणी अगदीं अखेरीस ठेवण्यांत धोका आहे, असा इशारा रॉइसनें त्याच निबंधांत दिला होता. परंतु चित्र लोकांच्या लक्षांत राहिलें आणि इशारा मागें पडला.

तो धोका केवढा असतो, ह्याचें एक उदाहरण अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या तपासखात्याचें आहे. तपासाचीं कागदपत्रें संगणकावर आणण्याची एक योजना सुमारें १७ कोटि डॉलर खर्चून २००५ सालीं सोडून द्यावी लागली. २००६ सालीं 'सेंटिनल' नांवाची दुसरी योजना सुरू झाली. तिचें अंदाजपत्रक वाढत वाढत ४५ कोटि १० लक्ष डॉलरांवर गेलें. २०१० पर्यंत त्यांतील बहुतेक पैसा संपला होता आणि चार टप्प्यांपैकीं दोनच हातीं आले होते. तेव्हां खात्यानें काम कंत्राटदाराकडून आपल्याकडे घेतलें, माणसें पुष्कळ कमी केलीं आणि दोन दोन आठवड्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याअखेर चालतें काम दाखविण्याचा नियम केला. जुलै २०१२ मध्यें सेंटिनल सर्व खात्यांत चालू झालें. माणसें कमी केल्यावर काम पुरें व्हावें, हें वरवर पाहतां नवल वाटतें. खरें कारण हें कीं, पूर्वी चूक वर्षानें कळत असे, ती आतां पंधरवड्यांत कळूं लागली.

ह्या रीतीस 'अजाइल' म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें ह्या धंद्यांतील १७ जाणकार जमले आणि त्यांनीं ४ मूल्यें व १२ तत्त्वें लिहून काढलीं. जाडजूड कागदपत्रांहून चालत्या वस्तूस आणि आधीं ठरलेल्या योजनेहून बदलास तोंड देण्यास अधिक मान द्यावा, असा त्यांचा आशय आहे. उत्तम आराखडे आपलें काम आपण लावून घेणाऱ्या टीममधूनच निघतात, हें त्यांतीलच एक तत्त्व. ह्या रीतीचा सर्वांत रूढ प्रकार म्हणजे 'स्क्रम'. रग्बीच्या खेळांत खेळाडू खांद्यास खांदा भिडवून जो घोळका करतात, त्याचें हें नांव. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका ह्या दोघां जपानी विद्वानांनीं १९८६ सालीं नव्या वस्तूंच्या निर्मितीस ही उपमा दिली. केन श्वेबर व जेफ सदरलंड ह्यांनीं १९९५ सालीं तिची पद्धति करून मांडली.

प्रथम योजनेचें पाहूं. करावयाच्या सर्व गोष्टींची एक यादी असते. तिला 'बॅकलॉग' म्हणतात. त्या यादींत अगोदर काय व मागाहून काय, हें ठरविण्याचा अधिकार 'प्रॉडक्ट ओनर' ह्या एकाच माणसाचा. परंतु येत्या स्प्रिंटमध्यें त्यांतील किती काम पेलेल, हें टीमनेंच सांगावयाचें असतें. स्प्रिंट म्हणजे एक महिना किंवा त्याहून कमी, बहुधा दोन आठवड्यांची मुदत. कामाचा अंदाज बांधण्याची एक युक्ति मोठी मार्मिक आहे. प्रत्येकानें आपला आंकडा पत्त्यावर पालथा ठेवावयाचा आणि सर्वांनीं एकदम उलटावयाचा. ज्येष्ठानें आधीं '३' म्हटलें तर कनिष्ठ '८' म्हणण्यास धजत नाहीं; पत्ते एकदम उलटले म्हणजे ही भीड राहत नाहीं. मग '३' व '८' म्हणणारे आपापलीं कारणें सांगतात, आणि त्या बोलण्यांतूनच कामांतील लपलेली अडचण बाहेर पडते.

उत्तनच्या कोळीवाड्यांत ही रीत कोणास नवी वाटणार नाहीं. पावसाळी बंदी उठली म्हणजे हंगाम किती महिन्यांचा हें तांडेलास ठाऊक असतें. परंतु डोल केव्हां लावावी व केव्हां काढावी, हें उधाण आहे कीं भांग आहे, वारा कोणीकडचा आहे, हें पाहून त्या त्या वेळींच ठरतें. दूरचा बेत ढोबळ आणि जवळचा बारीक, हाच योजनेचा खरा नियम होय.

आतां बांधणी. समजा, घरपट्टी भरण्याची सोय मोबाइलवर करावयाची आहे. जुन्या रीतीनें सर्व भाग वर्षभर वेगवेगळे रचून शेवटीं जोडले जातील. नव्या रीतीनें पहिल्या स्प्रिंटमध्यें नागरिकास आपलें बिल नुसतें पाहतां येईल. दुसऱ्यांत पैसे भरतां येतील. तिसऱ्यांत पावती मिळेल. प्रत्येक तुकडा लहान, परंतु वापरण्याजोगा. 'काम झालें' म्हणजे नेमकें काय झालें, ह्याची व्याख्या आधींच ठरलेली असते. कोड लिहिला एवढ्यानें तें झालें असें होत नाहीं. त्याची चाचणी झाली पाहिजे आणि तो इतरांच्या कोडशीं जुळला पाहिजे. काल लिहिलेल्या ओळींतील दोष आज सांपडला तर लिहिणारास सर्व आठवत असतें. तोच सहा महिन्यांनीं सांपडला तर लिहिणारा दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो.

रोजच्या पंधरा मिनिटांचा उपयोग इतकाच कीं, ठरलेल्या ध्येयाकडे आपण चाललों आहोंत काय, कोणाचें कोठें अडलें आहे, हें टीमनें एकमेकांस सांगावें व त्या दिवसाचा बेत बदलावा. स्प्रिंटच्या अखेरीस दोन बैठका होतात. पहिलींत तयार वस्तु गिऱ्हाइकास दाखवितात. तेथें वस्तूची परीक्षा होते. दुसरी 'रेट्रोस्पेक्टिव्ह', म्हणजेच मुलांच्या तोंडची 'रेट्रो'. तेथें कामाच्या रीतीची परीक्षा होते. काय चांगलें झालें, काय बिघडलें, पुढील स्प्रिंटमध्यें कोणती एक-दोन गोष्ट बदलावी, एवढेंच तेथें ठरवावयाचें. सुधारणा लहान असते, पण ती दर पंधरवड्यास होते, आणि म्हणून वर्षाच्या शेवटीं मोठी दिसते.

मग ह्या टीमचा वरिष्ठ कोण? स्क्रमच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणें टीम बहुधा १० किंवा त्याहून कमी माणसांची असते, आणि कोणीं काय, केव्हां व कसें करावें हें तीच ठरवते. असें चालेल कसें, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांनीं फार पूर्वीच दिलेलें आहे. १८९० सालीं महादू हावजी बच्चे ह्यांनीं सुरू केलेल्या ह्या धंद्यांत मावळ, खेड, जुन्नरकडील मंडळी लहान लहान गटांनीं काम करीत आली. गटाचा मुकादम स्वतःहि डबे वाहणारा. गिऱ्हाईक मिळविणें, पैसे गोळा करणें, वाटे करणें हें गटाचें गटाकडे. एखादा आजारी पडला तर डबा अडूं नये म्हणून जादा माणूसहि गटांतच असतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या पुष्कळ घटली, तरी रीत तीच आहे. ह्या कारभारांत मोकळीक आहे, पण शैथिल्य नाहीं. डब्यावरील खुणा व गाडीची वेळ हे नियम सर्वांस सारखेच बांधतात. भेद एवढाच कीं, डबेवाल्यांचें काम रोज तेंच असतें, म्हणून त्यांची रीत एकदां बसली कीं बसली. सॉफ्टवेअरचें काम रोज नवें, म्हणून तेथें रीतहि वारंवार तपासावी लागते.

आतां ह्या पद्धतीचें दुखणेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या टी. सी. एस. सारख्या कंपनीनें २०२० पर्यंत आपला सर्व कारभार अजाइल करण्याचें ध्येय जाहीर केलें होतें. आतां हा शब्द बहुतेक कचेऱ्यांत पोंचला आहे. परंतु शब्द पोंचला म्हणजे अधिकार पोंचला असें नव्हे. कामाची मुदत व मोजमाप परदेशांतील गिऱ्हाइकानें किंवा वरच्या साहेबानें आधींच ठरवून टाकलें असेल, तर पत्ते उलटून अंदाज बांधणें हा पोरखेळ ठरतो. टीमचे आंकडे परीक्षेच्या गुणांसारखे वापरले, तर गुणांसाठीं घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें टीमहि आंकडे फुगवूं लागते. पगारवाढ ठरविणारा अधिकारी रेट्रोस येऊन बसला, तर जो तो 'सर्व ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. आणि सकाळचीं पंधरा मिनिटें साहेबास उत्तर देण्यांत गेलीं, म्हणजे ती निव्वळ हजेरी झाली. बैठका सर्व होतात, चूक मात्र पूर्वीप्रमाणेंच शेवटीं कळते.

ह्यावरून दिसून येईल कीं, अजाइल म्हणजे घाई नव्हे, आणि वरिष्ठ नसणें हेंहि तिचें मर्म नव्हे. चूक लवकर उघडी पडावी आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार काम करणाराच्याच हातीं असावा, हें तिचें मर्म. 'माझें अडलें आहे', 'माझा अंदाज चुकला', हीं वाक्यें जेथें निर्भयपणें बोलतां येतात, तेथें टीम शिकते. जेथें तीं गिळावीं लागतात, तेथें भिंतीवर किती रंगीत चिठ्या लावल्या आहेत ह्यास महत्त्व नाहीं. पंधरवड्याचा नियम कोणासहि कागदावर लिहून देतां येतो; हा निर्भयपणा मात्र टीमला व तिच्या वरिष्ठांना रोजच्या वागणुकींतूनच मिळवावा लागतो.