मेंदूतील गुठळी आणि घड्याळाचा काटा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् हे तमिळनाडूतील देवळांचे गाव. दर बारा वर्षांनी येथे महामहम पर्व भरते. मागील पर्व २०१६ साली झाले. मराठी वाचकास मात्र या गावाची आणखी एक ओळख असावयास हवी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि पुढे अनेक मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणम् येथे राजा सर टी. माधवराव यांचा जन्म झाला. १८५७ ते १८७२ पर्यंत ते त्रावणकोरचे दिवाण होते. त्यानंतर इंदूर आणि १८७५ पासून बडोदे येथे त्यांनी कारभार पाहिला. सयाजीराव महाराज अज्ञान असताना बडोदे संस्थानाची विस्कटलेली घडी ज्यांनी बसविली, ते हेच माधवराव.

तीन संस्थानांचा भार वाहिलेल्या या पुरुषास डिसेंबर १८९० मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताशी पैसा होता, प्रतिष्ठा होती, त्या काळातील उत्तम वैद्यकीय सल्लाही मिळण्याजोगा होता. परंतु मेंदूच्या आत काय घडले आहे हे जिवंत माणसात पाहण्याचे साधनच तेव्हा जगात कोठे नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ साली. मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण चित्र पोर्तुगालमधील एगाश मोनिश यांनी १९२७ साली घेतले, आणि संगणकाच्या साहाय्याने मेंदूचे छेद दाखविणाऱ्या सी.टी. स्कॅन यंत्राचा पहिला रुग्णावरील उपयोग १९७१ साली लंडनमध्ये झाला. तोवर पक्षाघात म्हणजे अंथरूण, शुश्रूषा आणि दैवावर हवाला, एवढेच वैद्यांच्या हाती उरत असे.

आज ही स्थिती पालटली आहे. ती कशी पालटली, आणि तिचा लाभ आपल्या घरापर्यंत पोहोचण्यास काय करावे लागते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पक्षाघात म्हणजे काय?

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे पन्नासावा हिस्सा. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. त्याच्यापाशी साठा असा नसतो. रक्ताचा पुरवठा थांबला की त्या भागाचे काम काही क्षणांतच बंद पडते. पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात धमनी फुटून रक्तस्राव होतो; दुसऱ्यात धमनीत रक्ताची गुठळी अडकून प्रवाह खुंटतो. हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणूनच सी.टी. स्कॅन केल्यावाचून कोणतेही औषध देणे धोक्याचे असते.

मोठी धमनी बंद झाली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतील एका तज्ज्ञाने मांडला. कुंभकोणम् ते तंजावर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. एवढ्या वाटेस एक तास लागला असे धरले, तर त्या एका तासाची किंमत ११ कोटींहून अधिक पेशी होते. वाचकहो, घरात “थोडा वेळ पाहू, उतरेल” असे कोणी म्हणू लागले की हा आकडा आठवावा.

गुठळी विरघळविणे आणि बाहेर काढणे

पहिला उपाय औषधाचा. गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिल्यास अनेक रुग्ण सुधारतात, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. प्रथम ही मुदत तीन तासांची होती. २००८ साली युरोपात झालेल्या परीक्षणानंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. परंतु मोठ्या धमनीतील मोठी गुठळी औषधाने बहुधा पुरती विरघळत नाही. तेथे ती बाहेर काढणे हाच मार्ग उरतो.

ज्यांच्या घरी आड होता, त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. आडात कळशी पडली की दोराला गळ बांधून ती काढीत. शल्यतज्ज्ञाचेही तसेच. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक बारीक नळी आत सरकवितात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती छातीतून, मानेतून मेंदूच्या धमनीपर्यंत नेतात. कवटी उघडावी लागत नाही. २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले साधन खरोखरच गळासारखे होते : मळसूत्राप्रमाणे पिळलेली तार गुठळीत रुतवून ती ओढीत.

पुढे दोन अधिक चांगली साधने आली. एक म्हणजे जाळी. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही जाळी नळीत मिटलेली असते. नळी मागे घेताच ती आपोआप मूळ आकारात उमलते आणि गुठळीत गुंतते. काही मिनिटे थांबून गुठळीसकट ती ओढून घेतात. दुसरे साधन म्हणजे शोषक नळी. रुंद तोंडाची ही मऊ नळी गुठळीला भिडवून पंपाने ओढ देतात, की गुठळी तिच्या तोंडाशी चिकटते किंवा आत खेचली जाते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच परीक्षणांनी या विद्येवर शिक्कामोर्तब केले. त्यांतील १,२८७ रुग्णांचा एकत्र विचार करता असे दिसले की, तीन महिन्यांनी स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण केवळ औषधोपचारात शेकडा २६.५ होते, गुठळी काढलेल्यांत ते ४६ झाले.

दोन साधनांची जोड

तरीही अडचणी होत्या. सर्व गुठळ्या सारख्या नसतात. तांबड्या पेशींनी भरलेली गुठळी मऊ असते. तंतूंनी विणलेली गुठळी चिवट. जाळीतून काही वेळा गुठळी निसटते, किंवा तिचा तुकडा मोडून पुढच्या लहान धमनीत वाहत जातो आणि तेथे नवा अडथळा करतो. शोषक नळीच्या तोंडात चिवट गुठळी मावत नाही.

मग दोन्ही साधने एकत्र का वापरू नयेत? तज्ज्ञांनी तसे केले. आधी गुठळीत जाळी उमलवावयाची, मग तिच्या तोंडाशी शोषक नळी आणून ओढ सुरू करावयाची, आणि दोहोंच्या चिमटीत धरलेली गुठळी एकदमच बाहेर घ्यावयाची. कित्येकदा मानेतील धमनीत एक लहानसा फुगा क्षणभर फुगवून रक्ताचा लोट थोपवितात, म्हणजे सुटलेला तुकडा पुढे वाहून जात नाही.

ही जोड एका साधनापेक्षा नेहमीच श्रेष्ठ ठरते काय? फ्रान्समध्ये ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, शेवटी धमनी जवळजवळ पूर्ण मोकळी होण्याचे प्रमाण जोड वापरलेल्यांत शेकडा ६४.५ आणि केवळ जाळी वापरलेल्यांत ५७.९ आढळले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असाच संशोधकांचा निर्वाळा होता. पहिल्या टप्प्यातील यश मात्र जोडीच्या पद्धतीत अधिक होते. तात्पर्य, कोणते साधन केव्हा वापरावे हे गुठळी, धमनी आणि तज्ज्ञाचा अनुभव यांवर ठरते. रुग्णाच्या नातलगांनी साधनाच्या नावाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती असलेली गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे वेळ.

कुटुंबाने काय करावे?

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध होणे, एकाएकी दिसेनासे होणे वा तोल जाणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही हाच क्रमांक आहे. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. तोंडाने पाणी, दूध, गोळी काहीही देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तेल चोळण्यात वेळ दवडू नये. लक्षणे आपोआप ओसरली तरीही रुग्णालय गाठावे. पुढील मोठ्या झटक्याची ती सूचना असू शकते.

गुठळी काढण्याची सोय प्रत्येक तालुक्यात नसते. तेव्हा सी.टी. स्कॅन कोठे होतो आणि गुठळी काढणारे केंद्र जवळात जवळ कोठे आहे, याची चौकशी आजार येण्यापूर्वीच करून ठेवावी. सर्वसाधारणपणे पहिल्या सहा तासांत ही शस्त्रक्रिया करतात. २०१८ च्या परीक्षणांनंतर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही ती करता येते. पण ही सवलत निवडक रुग्णांसाठी आहे, आणि तिचा आधार घेऊन कोणी थांबून राहू नये.

आणि सर्वांत स्वस्त उपाय घरातच आहे. रक्तदाब नियमित तपासावा, मधुमेह आटोक्यात ठेवावा, नाडी अनियमित वाटल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. कुंभकोणम्‌ची विड्याची पाने प्रसिद्ध आहेत; विडा अवश्य दृष्टीस पडो, पण त्यात तंबाखू नसावी.

माधवरावांच्या घरी १८९० च्या त्या डिसेंबरात घड्याळे असतीलच. परंतु ती पाहून धावपळ करण्याजोगे ठिकाणच तेव्हा नव्हते. आज ते आहे. आपल्या घरातील घड्याळ मात्र आपणच वेळेवर पाहावयास हवे.