तापामागची वंशावळ

पावसाळा ओसरू लागला की गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तापाचे दिवस येतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा, आणि तो रास्तच असतो; राज्यातल्या सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव वर्षानुवर्षे आहे. आशाताई बोट टोचून रक्ताचा थेंब किटवर सोडते आणि रेघ उमटण्याची वाट पाहते. रेघ उमटली नाही, तर प्रश्न उरतोच. विदर्भात स्क्रब टायफस आहे. 2018 मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ आली होती. चांदीपुरा विषाणूचा ताप आहे, ज्याचे नावच नागपूर भागातले. पहिला ताप डासामुळे, दुसरा चिगर माइट या सूक्ष्म किड्यामुळे, तिसरा वाळूमाशीमुळे. तिघांचेही कारण माणसाच्या शरीरात पेशींत शिरूनच वाढते. तरीही यांतले दोन जंतू साग, मोह आणि वाघ यांच्या वंशावळीत बसतात आणि तिसरा बसत नाही. तो लहान आहे, परावलंबी आहे किंवा निर्जीव भासतो, ही त्याची कारणे पुरेशी नाहीत. खरे कारण वंशाचे आहे, आणि त्याची साक्ष औषधाच्या गोळीतूनही मिळते.

सजीवांचे वर्गीकरण म्हणजे दिसण्यावरून लावलेली प्रतवारी नव्हे, ती नात्यांची नोंद आहे. आलापल्लीच्या सागाला वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी वर्बेनाच्या कुळात ठेवत. आता तो तुळशीच्या कुळात गणला जातो. मोह आणि चिक्कू एकाच कुळातले. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या या अळंब्या भाजी म्हणून शिजतात, पण बुरशींचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे आहे. लिनियसने अठराव्या शतकात वनस्पती आणि प्राणी असे दोन सजीव विभाग मानले. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टी मांडल्या आणि बुरशींना स्वतंत्र घर दिले. मात्र सगळ्या सजीवांना एकाच मापाने मोजण्याची सोय झाली ती कार्ल वोस यांच्यामुळे. 1977 साली त्यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली आणि जिवाणूंसारखीच दिसणारी आर्किया ही वेगळीच शाखा असल्याचे दाखवले. रायबोसोम म्हणजे पेशीतले प्रथिने तयार करणारे यंत्र. वाघाच्या पेशीत ते आहे, सागाच्या पानात आहे, मातीतल्या जिवाणूतही आहे. इतके गुंतागुंतीचे यंत्र सर्वांकडे मुळात एकाच घडणीचे असावे, याचा सरळ अर्थ ते एकाच पूर्वजाकडून आले आहे.

आता हिवतापाचा परजीवी जवळून पाहू. रंगवलेल्या रक्ताच्या काचेवर त्याची फाल्सिपेरम ही जात लाल पेशीच्या आत निळसर अंगठीसारखी दिसते, अंगठीवर लालसर ठिपका. तो ठिपका म्हणजे परजीवीचे केंद्रक. तो हिमोग्लोबिन खातो, मागे काळपट रंगद्रव्य टाकतो, विभागतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. केंद्रक असल्यामुळे तो जिवाणूंपेक्षा आपल्याला आणि सागाला जवळचा. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे त्याच्या पोटात ॲपिकोप्लास्ट नावाचा एक अवशेष आहे. फार पूर्वी त्याच्या पूर्वजाने एक शैवाल आत सामावून घेतले, त्याच्या हरितकणाची ही खूण. हरितकण मुळात जिवाणूंपासून आलेले, म्हणून ॲपिकोप्लास्टमध्ये आजही जिवाणूंच्या घडणीचे रायबोसोम आहेत. स्क्रब टायफसवरचे डॉक्सिसायक्लिन जिवाणूचा रायबोसोम अडवते; तेच औषध हिवतापाच्या परजीवीलाही, सावकाश का होईना, मारते. सावकाश मारते म्हणून ते एकट्याने पुरत नाही आणि फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनयुक्त उपचार दिला जातो. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नाते आजच्या गोळीला लागू पडावे, याहून ठोस पुरावा कोणता हवा?

इथे एक आक्षेप येतो: स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया हा जिवाणूही जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, मग त्याला सजीव आणि विषाणूला वेगळे का म्हणायचे? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच परावलंबन ही कसोटी टिकत नाही. ओरिएन्शिया परक्या पेशीत राहतो, पण स्वतःच्या आवरणात, स्वतःच्या रायबोसोमवर स्वतःची प्रथिने बनवून आणि एकाचे दोन होत. चांदीपुराचा विषाणू असे काहीही करत नाही. 1965 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो वेगळा केला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, सुमारे 11,000 अक्षरांचा आरएनए आणि अवघी पाच प्रथिने असलेला. पेशीत शिरल्यावर त्याचे आवरण सुटते. विषाणू म्हणून तो काही काळ अस्तित्वातच नसतो. आपल्याच पेशीचे रायबोसोम त्याची प्रथिने बनवतात आणि सुट्या भागांतून नवे विषाणू जुळून बाहेर पडतात. तो विभागत नाही, जुळवला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विषाणू बदलतात, निवडले जातात, उत्क्रांत होतात. मग ते सजीव का नाहीत? उत्क्रांती होते हे खरेच, आणि म्हणूनच त्यांची स्वतंत्र वर्गवारी आहे. चांदीपुराला आज व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा असे रीतसर द्विनाम आहे. पण सगळ्या विषाणूंना समान असे एकही जनुक नाही. त्यांचे उगम अनेक असावेत, त्यामुळे त्यांचा एकच वृक्ष काढता येत नाही. 2003 मध्ये ओळख पटलेला मिमिव्हायरस इतका मोठा की आधी तो जिवाणूच समजला गेला होता. मुंबईच्या पाण्यातही आयआयटीच्या संशोधकांना असे महाविषाणू सापडले आहेत. प्रथिने बनवण्याशी संबंधित काही जनुके त्यांच्याकडे आहेत, रायबोसोम मात्र नाही. विषाणूंना जिवंत म्हणायचे की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो. ते आपल्या वंशावळीत नाहीत, हे मात्र निश्चित सांगता येते.

याचा परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतो. 2003 साली गोदावरीपलीकडच्या तेव्हाच्या करीमनगर आणि वरंगल जिल्ह्यांत चांदीपुराने शेकडो मुलांना गाठले. 329 नोंदलेल्या रुग्णांपैकी 183 दगावली, अनेक जण तर एका दिवसातच. डॉक्सिसायक्लिनने अडवावा असा रायबोसोमच त्या विषाणूत नव्हता, आणि त्याच्यावर नेमके औषध आजही नाही. उरतो तो झटके आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणारा उपचार, तोही तासांच्या आत. आणि वाळूमाशी लपते त्या मातीच्या भिंतींच्या भेगा पावसाळ्याआधी लिंपून घेणे.